तनाकांना नोबेल 'चुकून' मिळालं का?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "सर, जपानच्या कोइची तनाकांकडे पीएच.डी. नव्हती, ते कंपनीत साधे इंजिनिअर होते आणि प्रयोगात झालेल्या एका चुकीमुळे त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, असं वाचलं. हे कितपत खरं आहे? असं होत असेल तर पीएच.डी.च्या नादी न लागता मी सरळ कंपनीत गेलो तर चालेल का? आणि तनाकांचा मूळ प्रयोग कॉलेजमध्ये करून बघायची इच्छा आहे."

मास स्पेक्ट्रोमीटरसमोर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रासमोर) बसून माझी सव्वीस वर्षं गेली आहेत आणि त्यातली बरीचशी तनाकांच्या कामातून पुढे आलेल्या तंत्रावरच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुझ्या प्रश्नातली तिन्ही विधानं खरी आहेत. पदवी फक्त बी.ई.च्या तोडीची, नोकरी कंपनीतली, आणि चूक झालीच होती. पण ती एकापुढे एक ठेवली की जी गोष्ट तयार होते ती मला पटत नाही.

आधी माणूस पाहू. तनाकांचा जन्म १९५९ सालचा, तोयामा शहरातला. त्यांच्या जन्मानंतर महिन्याभरातच आई गेली आणि काका-काकूंनी त्यांना वाढवलं. काका सुतारांच्या करवतींना धार लावून द्यायचे. हेच आपले आईवडील, असं समजत मुलगा अठरा वर्षांचा झाला. विद्यापीठात जाताना कागदपत्रांच्या निमित्ताने त्यांना खरं कळलं. पुढे वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काहीतरी करावं, ही त्यांची ओढ या धक्क्यातून आली असं ते सांगतात.

सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकी घेतली. अँटेना, विद्युतचुंबकीय लहरी हे त्यांचे विषय. रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. जर्मन भाषेत नापास झाल्यामुळे एक वर्ष वाया गेलं. (पुढे त्यांचे सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी जर्मनच निघाले, पण ते नंतर.) १९८३ मध्ये पदवी मिळाली. एका नामांकित इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या मुलाखतीत ते पडले, मग क्योतोच्या शिमाद्झू कंपनीत लागले.

ही कंपनी आपल्या लॅबवाल्यांच्या ओळखीची. कुठल्याही फार्मा कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात जा, पदार्थांचं पृथक्करण करणाऱ्या एखाद्या तरी यंत्रावर हे नाव दिसेल. १८७५ साली क्योतोत गेन्झो शिमाद्झू यांनी ती काढली. त्यांचा मूळ धंदा बौद्ध पूजेची धातूची उपकरणं बनवण्याचा. त्यांच्या मुलाने १८९६ मध्ये, राँटगेनच्या शोधाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जपानमध्ये क्ष-किरणाचं छायाचित्र काढलं होतं. यंत्र आपल्या हाताने बांधून बघायचं, ही त्या घराची जुनी खोड.

तनाका केंद्रीय संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पाच जणांच्या एका तरुण गटात गेले. काम होतं लेझर वापरून मोठ्या रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र तयार करण्याचं.

अडचण काय होती ते समजून घे, नाहीतर चुकीची किंमत कळणार नाही. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणू मोजायचा तर दोन गोष्टी लागतात. तो हवेत, म्हणजे खरं तर निर्वातात, सुटा तरंगायला हवा आणि त्याच्यावर विद्युतभार हवा. लहान रेणू गरम केला की उडतो. प्रथिनाचं तसं नाही. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर टाकून बघ, त्याची वाफ होत नाही, तो शिजतो. आणखी तापवला तर करपतो. लेझर मारला तरी तेच, रेणूचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या वजनावरून अख्ख्याचा अंदाज येत नाही. १९८० च्या सुमारास काही हजार डाल्टनपर्यंत मजल गेली होती (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक, हायड्रोजनचा अणू साधारण एक डाल्टनचा). दहा हजारांच्या पुढचं अखंड प्रथिन उडवणं हे बहुतेकांच्या लेखी अशक्य कोटीतलं होतं.

एक वाट मात्र दिसत होती. ज्वारीच्या लाह्या करताना आच मंद ठेवली तर दाणे नुसते काळे पडतात. कढई सणसणीत तापलेली असेल तर फटकन फुटतात. तसंच पदार्थ इतक्या झपाट्याने तापवला की रेणूला तुटायला सवडच मिळू नये, तर तो अखंड उडू शकेल. त्यासाठी लेझरची उष्णता शोषून घेणारं आणि क्षणात आजूबाजूला देणारं काहीतरी सॅम्पलमध्ये मिसळायला हवं. यालाच आपण मॅट्रिक्स म्हणतो. गटाने त्यासाठी कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी निवडली. कण तीसेक नॅनोमीटरचे आणि रंग काळाकुट्ट, म्हणजे प्रकाश गिळणारा. भुकटी सुकी वापरून फारसा फायदा होईना, म्हणून तनाका ती वेगवेगळ्या द्रवांत कालवून बघत होते. प्रमाण बदल, द्रव बदल, परत लेझर मार, असे कित्येक महिने गेले. अशा कामाचं वर्णन कुठल्या पेपरात येत नाही. दिवसभरात प्लेटवर सॅम्पलचे वीस-पंचवीस थेंब, म्हणजे स्पॉट, लावायचे आणि संध्याकाळी वहीत 'नाही' लिहायचं.

१९८५ च्या फेब्रुवारीत ती चूक झाली. भुकटी अॅसिटोनमध्ये कालवायची होती, हाताला ग्लिसरीनची बाटली लागली. ओतल्यावर लक्षात आलं. भुकटी महागाची. फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. जपानीत यासाठी 'मोत्ताइनाइ' असा शब्द आहे. आपल्या घरात ताटात भात उरला की आजीच्या चेहऱ्यावर जे उमटतं, साधारण ते. तर त्यांनी ठरवलं, लावूनच बघू. निर्वातात ग्लिसरीन हळूहळू उडून जाईल. ते लवकर सुकावं म्हणून त्यांनी लेझर चालू ठेवला. आणि सुकेपर्यंत नुसतं बसण्यापेक्षा पडद्यावर सिग्नल बघत राहिले.

सॅम्पलमध्ये व्हिटॅमिन बी-१२ होतं, वस्तुमान साधारण १३५५ डाल्टन. पडद्यावरच्या आलेखात त्या वस्तुमानाच्या जागी कधी न दिसलेलं एक पीक, म्हणजे उंच टोक, उभं राहिलं.

आता माझा मुद्दा. लॅबमध्ये चुकीची बाटली उचलणारे आपण सगळेच. मीही उचलली आहे. नवा होतो तेव्हा एका प्रथिनाच्या सॅम्पलमध्ये मी भलताच मॅट्रिक्स मिसळला होता. स्पॉट नेहमीसारखा स्फटिकांनी चमकेना, ओलसर डागासारखा दिसत होता. मी प्लेट मिथेनॉलने पुसली आणि नव्याने लावली. त्या डागात काही असेल असं म्हणत नाही, बहुधा नव्हतंच. पण मी बघितलं नाही, एवढं खरं. तनाकांनी बघितलं.

आणि बघून ओळखलं, हे त्याहून अवघड. नवख्याच्या डोळ्यांना स्पेक्ट्रम, म्हणजे पडद्यावरचा तो आलेख, नुसता गवताळ माळ. कुठला काटा खरा, कुठला यंत्राचा, कुठला बोटाच्या कातडीतल्या केराटिनचा, हे कळायला शेकडो फसलेले स्पेक्ट्रम डोळ्यांखालून जावे लागतात. तनाकांचे गेलेले होते. त्यामुळे त्या दिवशी जे वेगळं होतं ते त्यांना वेगळं दिसलं. त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं, ग्लिसरीन आणि भुकटीचं प्रमाण बदलून पाहिलं, मगच विश्वास ठेवला. रसायनशास्त्र शिकलो नव्हतो म्हणून 'हे होणार नाही' हे मला ठाऊक नव्हतं, अशा अर्थाचं ते बोलले आहेत. हे वाक्य लोकांना फार आवडतं. मला त्यात विनय जास्त दिसतो.

शिवाय पीक दिसायला यंत्र तसं लागतं. हा भाग लोकप्रिय गोष्टीत कायम गळतो. त्यांच्या यंत्रातल्या टाइम ऑफ फ्लाइट पद्धतीत सगळ्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित रेणूंना, सारखाच विद्युत धक्का देऊन नळीतून पळवतात. हलका आधी पोचतो, जड मागाहून. हिशेब करून बघ: २० हजार व्होल्टचा धक्का, दीड मीटरची नळी, तर बी-१२ चा आयन सुमारे २८ मायक्रोसेकंदांत पोचेल आणि २५ हजार डाल्टनचं प्रथिन सुमारे १२० मध्ये. एवढ्यावरून वजन काढायचं. त्यात जड आयन हळू येतो, म्हणून डिटेक्टरवर त्याचा ठसा क्षीण उमटतो. तो पकडणारा डिटेक्टर, आयनांची वेळेतली फाकाफाक सावरणारी रचना, मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने सिग्नल नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक्स, हे गटातल्या इतरांनी बांधलेलं होतं. ती तयारी नसती तर ग्लिसरीनच्या त्या थेंबातून रेणू उडालेही असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तनाकांनी स्वतः हे वारंवार सांगितलं आहे. नोबेल मात्र एकालाच मिळालं, आणि बाकीच्या चौघांची नावं तुला कुठे सहजी वाचायला मिळणार नाहीत.

ऑगस्ट १९८५ मध्ये कंपनीने पेटंटचा अर्ज केला. पुढच्या दोन वर्षांत ते बी-१२ वरून खऱ्या प्रथिनांवर गेले: लायसोझाइम १४ हजारांचं, कायमोट्रिप्सिनोजेन २५ हजारांच्या वरचं, आणि लायसोझाइमचे एकमेकांना चिकटलेले जुडगे एक लाखाच्या आसपास. १९८७ मध्ये जपानमधल्याच परिषदांत त्यांनी हे मांडलं. त्यातली ताकाराझुकाची परिषद महत्त्वाची, कारण तिथे याच क्षेत्रातले अमेरिकेचे संशोधक रॉबर्ट कॉटर हजर होते आणि ही बातमी त्यांच्याबरोबर जपानबाहेर गेली. ओसाका विद्यापीठाच्या मात्सुओंनी आग्रह धरला की हे इंग्रजीत छापाच. १९८८ मध्ये तीन पानांचा पेपर आला. तो नसता तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला वाटतं. कंपनीतल्या माणसाला पेपर लिहायची सवड नसते आणि त्यासाठी कुणी पाठही थोपटत नाही.

यंत्र बाजारात आणलं, नाव लॅम्स-५०के. विकलं गेलं एक. अक्षरशः एक, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेला. पेटंटपोटी तनाकांना कंपनीकडून अकरा हजार येनच्या आसपास मिळाले, क्योतोत घरच्यांना एकदा बरं जेवायला नेता येईल इतके. १९८९ मध्ये जपानच्या मास स्पेक्ट्रोमेट्री सोसायटीने त्यांना एक पुरस्कार दिला. मग जवळजवळ सगळं शांत.

कारण तोवर जर्मन पुढे गेले होते. मिखाएल कारास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प १९८५ च्या आधीपासून सेंद्रिय मॅट्रिक्सवर काम करत होते. 'माल्डी', म्हणजे मॅट्रिक्सच्या मदतीने लेझरने रेणू उडवून त्यांना विद्युतभार देण्याचं तंत्र, हे नावही त्यांचंच. १९८८ मध्ये त्यांनी निकोटिनिक आम्लात मिसळून ६७ हजार डाल्टनचं अल्ब्युमिन हे प्रथिन उडवून दाखवलं. त्यांची पद्धत जास्त संवेदनशील होती, सोपी होती. आज तुझ्या विद्यापीठात माल्डी असेल तर तिथे सिनॅपिनिक आम्ल किंवा तसलंच काहीतरी मॅट्रिक्स म्हणून वापरत असतील. कोबाल्ट आणि ग्लिसरीन मी तरी माझ्या सव्वीस वर्षांत कुणाला रोजच्या कामासाठी वापरताना पाहिलेलं नाही.

म्हणून २००२ मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा आमच्या क्षेत्रात बरीच कुजबुज झाली. अर्धं पारितोषिक एनएमआरसाठी (चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूची रचना शोधण्याच्या पद्धतीसाठी) कुर्ट व्युथ्रिख यांना, उरलेल्या अर्ध्यात जॉन फेन, ज्यांनी द्रवाचा विद्युतभारित फवारा करून रेणू उडवण्याची इलेक्ट्रोस्प्रे पद्धत आणली, आणि तनाका. नोबेल तिघांच्या वर देता येत नाही, आणि जर्मन जोडी बाहेर राहिली. समितीने लेझरने मोठं प्रथिन अखंड उडवता येतं हे पहिल्यांदा कुणी दाखवलं, एवढाच निकष लावला. त्या निकषावर निवड बरोबर आहे. तरी मला विचारशील तर जगभरच्या लॅबमध्ये आज जे चालतं त्याचं श्रेय जास्त जर्मनीतल्या मुन्स्टरच्या त्या दोघांकडे, कारास आणि हिलेनकाम्प यांच्याकडे जातं, आणि ते बाहेर राहिले ही रुखरुख मला आजही आहे. तनाकांबद्दल आदर ठेवूनही हे म्हणता येतं.

९ ऑक्टोबर २००२ ची संध्याकाळ जपानमध्ये लोकांना अजून आठवते. ऑफिसात फोन आला. परदेशी आवाज, इंग्रजी, 'नोबेल' आणि 'अभिनंदन' एवढे शब्द कानावर पडले. कुणीतरी फिरकी घेतंय असंच त्यांना वाटलं. थोड्या वेळाने सगळेच फोन वाजू लागले. शिक्षण मंत्रालयाकडे या माणसाची काही माहितीच नव्हती. आधीच्या दोन वर्षांचे जपानी विजेते, शिराकावा आणि नोयोरी, दोघेही प्राध्यापक. हा त्रेचाळीस वर्षांचा, कंपनीच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा माणूस, पत्रकारांसमोर आला तो कंपनीच्या कामाच्या जॅकेटमध्ये. बढतीच्या परीक्षा ते टाळत आले होते, कारण वर गेलं की यंत्र सुटतं. नंतर कंपनीने संचालक मंडळावर घ्यायची तयारी दाखवली तर तेही नको म्हणाले. 'फेलो' हे पद घेतलं आणि २००३ पासून स्वतःच्या नावाची प्रयोगशाळा. तोहोकू विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, म्हणजे 'डॉक्टर' लागलं ते नोबेलनंतर.

जाता जाता शिराकावांचं सांगतो, कारण त्यांच्याही गोष्टीत चूक आहे. टोकियोत १९६७ मध्ये पॉलिअॅसिटिलीन करताना त्यांच्या लॅबमधल्या एका कोरियन पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला. भुकटीऐवजी चकाकती पातळ पापुद्र्यासारखी फिल्म तयार झाली. विजेचं वहन करणारं प्लास्टिक तिथून निघालं, पण निघायला दहा वर्षं लागली आणि त्यासाठी अमेरिकेतल्या दोघांबरोबर काम करावं लागलं. मधली दहा वर्षं गोष्टीत कुणी सांगत नाही.

तनाकांच्या नंतरच्या कामाबद्दलही फार कमी लिहिलं जातं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. नोबेलनंतर बरीच वर्षं लोक दबक्या आवाजात म्हणायचे, याच्या हातून आता काय होणार. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांच्या गटाचा पेपर आला, वृद्धांच्या आजारांवर काम करणाऱ्या जपानच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राबरोबर. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अॅमिलॉइड बीटा नावाचं प्रथिन साचतं. ते बघायला मेंदूचं महागडं 'पेट स्कॅन' किंवा पाठीतून पाणी काढणं हेच उपाय होते. या गटाने थोड्याशा रक्तद्रवातून ते तुकडे अँटिबॉडीने वेचून काढले, माल्डीवर मोजले, आणि त्यांच्या परस्पर प्रमाणावरून मेंदूत साचलंय की नाही हे ९० टक्क्यांच्या आसपास अचूक सांगून दाखवलं. रक्तात हे तुकडे इतके विरळ असतात की रोज माल्डीवर बसणाऱ्याने पेपर वाचून खुर्चीतून उठून एक फेरी मारावी. मी मारली होती.

आणि माल्डी आता आपल्या अंगणातही आहे. पुण्यात एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) सूक्ष्मजीव संग्रहात जिवाणू ओळखायला ती वापरतात. मोठ्या हॉस्पिटलांच्या मायक्रोबायोलॉजीत काडीने कॉलनी उचलून प्लेटवर लावतात, वर मॅट्रिक्सचा थेंब, आणि काही मिनिटांत जंतूचं नाव पडद्यावर. पूर्वी कॉलनी दिसल्यावरही नाव कळायला आणखी एक-दोन दिवस जायचे. तिथला तंत्रज्ञ तनाकांचं नाव ओळखेलच असं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. पीएच.डी. नसली तरी चालतं, याचा पुरावा म्हणून तनाकांना उभं करू नकोस. त्यांना जे मिळालं ते पदवीपेक्षा दुर्मिळ होतं. पंचविशीतल्या मुलांना कंपनीने काही वर्षं एका यंत्रावर राबू दिलं, ते एकच विकलं गेलं तरी कुणाला घरी पाठवलं नाही, उलट त्याच क्षेत्रात ठेवून पुढे मँचेस्टरलाही पाठवलं. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांच्या आर अँड डी विभागात काम चालतं ते जेनेरिक औषधं बनवण्याच्या प्रोसेसचं, त्यातल्या अशुद्धी मोजण्याचं, परवानगीचे अर्ज भरण्याच्या तारखांचं. ते कमी दर्जाचं नाही, मी स्वतः काही वर्षं आनंदाने केलं. पण तिथे चुकीचा स्पॉट सुकेपर्यंत बघत बसायला वेळ नसतो. मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराबरोबर एवढं विचार: यंत्रावर स्वतःच्या डोक्यातला प्रयोग करायला महिन्यातून किती तास मिळतात? तुमच्या माणसांनी गेल्या पाच वर्षांत किती पेपर किंवा पेटंट काढली? समोरचा अडखळला तर पीएच.डी.चे फॉर्म भर, आणि गाइड निवडताना हेच दोन प्रश्न त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार.

एक राहिलं. प्रश्नाच्या शेवटी तू लिहिलंयस की कॉलेजमध्ये तनाकांचा मूळ प्रयोग करून बघायचा आहे. ग्लिसरीन मिळेल, बी-१२ मिळेल. कोबाल्टची नॅनो भुकटी मात्र हवेत उघडी टाकली तर पेट घेऊ शकते आणि श्वासातून गेली तर विषारी आहे. शिवाय व्हॅक्यूममध्ये ग्लिसरीन सोडलेलं कळलं तर यंत्राचा सर्व्हिस इंजिनिअर तुला ओरडेल, आणि त्याचं बरोबर असेल. ग्रॅफाइटची बारीक पूड आणि ग्लिसरीन असंही लोकांनी करून पाहिलेलं आहे, त्यातला धोका बराच कमी. आधी इन्स्ट्रुमेंट सांभाळणाऱ्या माणसाशी बोल, थेंब अगदी अर्ध्या मायक्रोलिटरचा ठेव, आणि प्लेट आत घालून पंप लावलास की पडद्यासमोरून उठू नकोस.